वासराच्या वाटणीचं

भागीरथाबाईला राग यायला कारण लागत नाही, असं चांद्याच्या त्या बोर्डिंगात सगळेच म्हणत. हे साफ खोटं. कारण लागायचं, आणि ते रोज सकाळी सहाच्या ठोक्याला गुणवंतरावांच्या गोठ्यातून दोन कळशा भरून यायचं.

बाईचं दुधाशी वैर नव्हतं. वैर होतं ते दुधामागोमाग येणाऱ्या माणसाशी. गुणवंतराव जिनिंगचे मालक आणि धावण्याच्या शर्यतींच्या कमिटीचे सेक्रेटरी. दिल्लीला मोठी मॅरेथॉन होणार होती, सव्वीस मैलांची, आणि तिच्यासाठी तीन माणसं निवडायला पौषात बोर्डिंगात सहा आठवड्यांचं शिबिर भरलं होतं. नऊ धावणारे, एक मास्तर आणि रांधायला भागीरथाबाई. धावणाऱ्याला दिवसाला शेरभर दूध लागतं, असं रावांनी कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. मग काय, आपल्या गोठ्यातलं दूध त्यांनी शिबिराला फुकट लावून दिलं आणि ते फुकट आहे हे दिवसातून दोनदा सांगायला स्वतः यायला लागले. हातातली काठी टेकवत उभे राहायचे आणि पेल्यापेल्यावर भाषण द्यायचे. दूध गायी देत नसून हेच देतात, असं एखाद्याला वाटलं असतं.

"रावसाहेब, दूध निवून राह्यलं," बाई म्हणायची. "भाषण मंग द्या."

धावण्याचा कारभार देवाजी मास्तरांकडे होता. हायस्कुलातले ड्रिलमास्तर, भला माणूस, पण कणा शिट्टीच्या दोरीएवढा. पहाटे चारला ते शिट्टी वाजवत. आठवड्यातले चार दिवस दहा-बारा मैल, एक दिवस बल्लारशाच्या रस्त्यानं पळत जाऊन पळत परत, आणि रविवारी पूर्ण पल्ला: जटपुरा दरवाजातून निघून मूलच्या रस्त्यानं चिचपल्लीच्या बाजूला तेरा मैल जायचं आणि तेवढंच परत यायचं. पोरं परत येत ती पाय फरफटत. कॅनव्हासच्या बुटांत फोड फुटलेले, ओठ उललेले. बाई मिठाच्या गरम पाण्याची घंगाळं तयार ठेवायची आणि शिव्या देत देत त्यांना पायांना चोळायला करंजाचं तेल द्यायची.

डोमा मात्र बूट घालत नसे. तो सूरजागडच्या डोंगरापायथ्याच्या जंगलखेड्यातला. उन्हाळ्यात तो जंगलखात्याचा आगीवरचा राखणदार असायचा. डोंगरावर बसून धूर शोधायचा आणि दिसला की अठरा मैल पळत रेंजच्या ऑफिसात वर्दी द्यायची. तिथल्या रेंजरनं एकदा त्याची वेळ पाहिली, खोटी वाटली म्हणून पुन्हा दोनदा पाहिली, आणि मग मास्तरांना चिठ्ठी लिहिली.

पहिल्या रविवारी नऊच्या नऊ जण सुटले. मास्तर सायकलवर मागे. परत आले तेव्हा डोमा दरवाजाच्या सावलीत बसून तळपायातला काटा काढत होता आणि दुसरा नंबर अजून रस्त्यावर धुळीचा ठिपका होता. दोन तास एकोणचाळीस मिनिटं. मास्तरांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, चालू आहे ना म्हणून.

एवढ्या माणसाला पंगतीत जागा मिळाली नाही. बाकीचे आठ त्याच्याशेजारी बसायला तयार नव्हते. ते लोक काय काय खातात कोणास ठाऊक, म्हणे. गुणवंतरावांनी तोडगा काढला: डोमाचं पान ओसरीवर, जिथं सगळे चपला काढत तिथं. भागीरथाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चपलांच्या बाजूले माणूस जेवते काय?" तिनं पान उचललं आणि थेट स्वयंपाकघरात, चुलीजवळ मांडलं. "बस इथी. पाहू कोण उठवते तुले."

कोणी उठवलं नाही. बाईच्या हातात तेव्हा उलथणं होतं. तिच्या जावेनं ऐकल्यावर गल्लीभर बोभाटा केला, कुणब्याच्या चुलीपाशी कोणाला बसवलंय म्हणून. बाईनं तिलाही ऐकवलं. त्या दिवसापासून डोमा चुलीपाशी जेवू लागला. बाई त्याच्यासाठी रात्रीच पिठाची आंबील आंबवून ठेवायची. तिला तो जावा म्हणायचा. पहाटे वाडगाभर जावा पिऊन तो धावायला जायचा, आल्यावर भात, अंबाडीची भाजी, असली तर सुकी मासळी. बोलायचा कमी. एकदा बाईनं विचारलं, "दिल्लीले जाऊन काय करशील रे?"

डोमानं वाडगा खाली ठेवला. मग म्हणाला, "माह्यापुढं धावणारा माणूस पाहाचा हाय बाई. आजपरंत धावताना कोणाची पाठ नाई पाहिली मी."

यात फुशारकी नव्हती. त्याला खरंच पाहायचं होतं. बाईला ते इतकं आवडलं की दिल्ली म्हणजे आता तिचीच गोष्ट झाली. हा गेलाच पाहिजे, असं तिनं मनात घट्ट धरलं.

दुधाचा पेला पहिल्याच दिवशी भरलेला परत आला होता.

"काऊन रे, नासलं काय?"

"नाई बाई. वासराचं हाय."

"कोणत्या वासराचं?"

"जिचं दूध हाय तिच्या."

बाई तोंडात पदर कोंबून हसली. डोमा हसला नाही. त्यानं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "गाय आमाले नांगराचा बैल देते. तेवढं पुरे हाय. दूध ते आपल्या लेकरासाठी आणते. आमच्या गावात कोणी गाय पिळत नाई. आज्यानं नाई पेलं, बापानं नाई पेलं. लेकराच्या तोंडातलं मी काऊन काढू?"

दुपारी तांदूळ निवडता निवडता बाईचं हसू आपोआप ओसरलं. पोराच्या बोलण्यात वेडेपणा कुठं होता? आपण जन्मभर दूध पितो, ताक करतो, लोणी काढतो, आणि वासरू दाव्याला बांधलेलं असतं. विचारलंय कधी त्याला? तिनं काही दूध सोडलं नाही. पण डोमाला त्या दिवसानंतर तिनं आग्रहही केला नाही.

पेल्याची सोय झाली ती बिरजूकडून. बिरजू पोलीस लायनीतला शिपाई, डोमाच्या खालोखाल धावणारा आणि खाण्यात सगळ्यांच्या पुढं. पंगतीत तो शेवटी उठायचा आणि जाता जाता डोमाचा पेला रिकामा करायचा. गुणवंतरावांना रिकामे पेले दिसायचे, डोमाला जावा मिळायचा, बिरजूला दुप्पट दूध. पाच आठवडे सगळे सुखात होते.

घात केला तो काट्यानं. रावांनी धावणाऱ्यांची वजनं करायचं ठरवलं आणि सगळ्यांना जिनिंगमध्ये नेऊन कापसाच्या गाठी तोलायच्या काट्यावर एकेकाला बसवलं. बिरजू पाच शेरांनी वाढला होता. डोमा जसा आला तसाच होता. रावांनी चष्मा पुसला आणि बिरजूला नुसतं "काय रे?" म्हटलं. दुसऱ्यांची कबुली घेण्यात जन्म गेलेला तो शिपाई, त्यानं स्वतःची कबुली एका दमात दिली.

मग जे झालं ते सगळ्या जिनिंगनं ऐकलं.

"माझ्या दुधासाठी वकील-डॉक्टर माणसं पाठवतात! आणि हा? जंगलातून उठून आलेला हा माझं दूध नाकारतो?"

"तुमचं नाई साहेब," डोमा म्हणाला. "वासराचं."

त्यानं हे अदबीनंच म्हटलं होतं. त्यामुळं राव जास्तच भडकले. पुढच्या रविवारी निवडीची शर्यत होती. त्याआधी दूध सुरू झालं नाही तर नाव कापणार, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि आवाज एकदम खाली आणला.

"भागीरथाबाई, त्याच्या भातात घाला. त्याला कळायचं कारण नाही. अंगी लागलं की आपोआप समजेल."

"मी असलं काई करत नसतो," बाई म्हणाली. त्या मुलखाच्या बायका बोलतात तसंच ती रागात स्वतःला पुरुषासारखं बोलायची.

"मग नाव कापतो."

ते गेल्यावर देवाजी मास्तर आले. हे जास्त वाईट झालं. रावांशी भांडता येत होतं, मास्तरांशी कसं भांडणार? ते पाटावर बसले आणि शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "घाला बाई. दोन दिवसाचं तं काम हाय. असा धावणारा मी जन्मात पाह्यला नाई. एका पेल्यापायी त्याची दिल्ली जाईन. त्याच्याचसाठी सांगून राह्यलो ना मी."

त्याच्याचसाठी. या एका शब्दाखाली माणूस काय काय करतो! बाईला हे पुढं कळलं, पण त्या संध्याकाळी तिला फक्त दिल्ली दिसत होती. शुक्रवारी आणि शनिवारी तिनं डोमाचा भात वेगळ्या भांड्यात शिजवला. अर्धं पाणी, अर्धं दूध. वास लपवायला वरून लसूण-मिरचीची फोडणी घातली. राव दाराशी उभे राहून पाहत होते. त्यांनी समाधानानं मान डोलावली.

डोमानं दोनदा भात मागून घेतला. "बाई, आज भात बरा लागते," तो म्हणाला.

बाईनं चुलीत लाकूड सारलं आणि त्याच्याकडं पाहिलं नाही.

रविवारी जटपुरा दरवाजाशी निम्मा चांदा जमला होता. नागपूरहून कमिटीचे दोन मेंबर आले होते. टेबल मांडलं होतं, टेबलावर हार. बाई गुळाच्या पाण्याची घागर घेऊन कोपऱ्यात उभी होती. कितीतरी वेळानं रस्त्यावर धूळ दिसली, आणि धुळीतून बाहेर आला तो बिरजू. बाईला वाटलं, डोमा आधीच येऊन गेला असेल, आपल्याला दिसला नसेल. मग दुसरा आला. तिसरा आला. ती घागर तिथंच टाकून रस्त्यावर धावली.

डोमा चौथा आला. पोट दोन्ही हातांनी धरलेलं, चेहरा राखेसारखा. चड्डी घाण झाली होती आणि ते सगळ्यांना दिसत होतं. टेबलाजवळची पोरं नाक धरून हसली. तो बाजूला जाऊन भिंतीला टेकून खाली बसला. बिरजू अजून धापा टाकत होता. तो बाईच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "सहा डाव झाडीत बसला बाई. तरीबी अठराव्या मैलापरंत मले पुढंच दिसत होता."

ज्या पोटाला जन्मात दूध माहीत नव्हतं, त्याच्यात भागीरथाबाईनं दोन दिवस दूध ओतलं होतं.

आणि मग गुणवंतराव बोलायला उभे राहिले. विजेत्यांचं अभिनंदन केलं, गोठ्याचा उल्लेख केला, आणि शेवटी काठीनं भिंतीकडं दाखवलं. "ज्यांनी आहार पाळला ते आज पहिले आले. ज्यानं दूध नाकारलं त्याची गत तुम्ही बघताच आहात. जंगलातली ताकद अठरा मैल. पुढचे आठ मैल दूध धावतं!"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या.

"खोटं!"

एवढ्या माणसांत बाईनं आजवर कधी आवाज काढला नव्हता. आज तिला लाज वाटली नाही. ती टेबलापर्यंत गेली. "खोटं बोलता रावसाहेब! त्यानं दूध पेलं. मी घातलं त्याच्या भातात, दोन दिवस. तुमी सांगतलं म्हून घातलं. तुमी दारात उभे होते! त्याच्या पोटाले सोसत नाई ते, म्हून त्याचं असं झालं. मास्तर, सांगा ना! काऊन चूप बसले?"

मास्तरांनी शिट्टी हातात घेतली, पाहिली आणि खिशात ठेवली. बिरजू वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. ती आधीच बांधलेली होती.

राव मात्र जराही डगमगले नाहीत. डगमगायला त्यांना कारणच नव्हतं. ते नागपूरच्या मेंबरांकडं वळून हसले. "दुधानं माणूस आजारी पडतो, असं ऐकलंय कधी?"

मेंबर हसले. मग टेबल हसलं, मग सगळी गर्दी हसली. बाई त्या हसणाऱ्या तोंडांकडं पाहत राहिली. यातलं एकही माणूस दुष्ट नव्हतं. सगळे घरी जाऊन लेकरांना दूध पाजणारे, आणि त्या दुधापायीच ते इतके ठाम होते. आपल्या पोटाला जे चालतं ते जगाच्या पोटाला चाललंच पाहिजे! संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आपण रडतोय असं लोकांना वाटेल म्हणून आणखी संताप आला.

तेव्हा कुठं मास्तरांना वाचा फुटली. "रावसाहेब... बुधवारी एकदा परत धावू द्या त्याले. मी घड्याळ लावतो. मेंबरसाहेब बुधवारपरंत हायेतच."

मेंबरांनी खांदे उडवले. चालेल. रावांनी क्षणभर विचार केला. मोठं मन दाखवायची संधी त्यांना सोडवेना. "धावू द्या की! आमचं काय वैर आहे? फक्त एक. शिस्त म्हणून त्यानं इथं, सगळ्यांसमोर, एक पेला दूध प्यावं. बाईंचा आरोपही मिटेल आणि त्याचा हट्टही."

कोणीतरी पेला भरून आणला. डोमापर्यंत नेला. तो भिंतीला धरून उभा राहिला. आतापर्यंतचं सगळं बोलणं त्यानं ऐकलं होतं.

"पी बापा," मास्तर काकुळतीला आले. "एक घोट घे. बुधवारपरंत पोट बरं होते. दिल्ली हाय समोर."

बाईच्या मनात दोन गोष्टी एकदम ओरडत होत्या. पिऊन टाक, एकच तर पेला आहे. आणि पिऊ नको रे, या लोकांपुढं पिऊ नको.

डोमानं पेला हातात घेतला. आत पाहिलं. मग वाकून, एक थेंब न सांडता, तो जमिनीवर ठेवला.

"काल मले मालूम नोतं," तो म्हणाला. "आज मालूम हाय."

बस. एवढंच. ओरडला नाही, रावांकडं पाहिलंही नाही. दुखरं पोट धरून तो बोर्डिंगच्या रस्त्याला लागला. मागं राव मेंबरांना सांगत होते, "बघा, संधी दिली होती." हार बिरजूच्या गळ्यात पडला. चौथ्याचं नाव कागदावरसुद्धा आलं नाही.

बाई त्याच्यामागं जवळजवळ पळतच बोर्डिंगात पोचली. डोमानं विहिरीवर अंघोळ केली होती, धोतर नेसलं होतं, घोंगडी खांद्यावर टाकली होती. सूरजागड शंभर मैल. तो पायीच निघाला होता.

"थांब, असा उपाशी नको जाऊ," ती म्हणाली. तिनं भराभर चूल पेटवली, चार भाकरी थापल्या, त्यावर मिरचीचा ठेचा ठेवला, फडक्यात बांधलं. बांधता बांधता ती बोलत होती, राव असे, मास्तर तसे, चांद्याची माणसं अशी. सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. एकच नाव घ्यायचं राहिलं होतं. शेवटी तेही तिनं घेतलं. "चूक माही हाय डोमा. भात माह्या हातचा होता."

"हो बाई," डोमा म्हणाला.

तिनं गाठोडं पुढं केलं. त्यानं हात पुढं केला नाही.

"तांदूळ असतीन तं द्या बाई. कच्चे."

"भाकरी हाय ना ताजी. तुह्यासमोर तं केली."

"कच्चे द्या," तो म्हणाला. "मी शिजवीन."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. चपलांच्या जागेवरून जिनं त्याला चुलीपाशी आणून बसवलं, जावेशी भांडली, तिच्या हातचं शिजवलेलं आता त्याला चालणार नव्हतं. बाई कोठीत गेली आणि ओंजळीनं तांदूळ काढून दुसऱ्या फडक्यात घातले.

डोमानं फडकं उंबऱ्यावर पसरलं. खाली बसून त्यानं तांदूळ तळहातावर घेतले, उजेडात धरून पाहिले, बोटांनी चाळले, नाकाजवळ नेऊन वास घेतला. सगळे पाहून झाल्यावर गाठ मारली.

भागीरथाबाई उभी राहून ते पाहत होती. तिनं त्याला एका शब्दानंही अडवलं नाही.